शब्द तुमचो, पोटां आपली

अहो,

तुम्ही गेल्यावर आठवड्याने गोदीतून माणूस आला होता. दारातच उभा राहून त्याने विचारलं, "मयत कामगार बदली होता की कायम?" परक्या पुरुषापुढे माझी मान वर होत नाही हे तुम्हाला ठाऊक. शेजारच्या काकू माझ्या वतीने बोलायला पुढे झाल्याच होत्या. पण त्यांच्या आधी मीच म्हणाले, "कायम!" इतक्या मोठ्याने म्हणाले की गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. तो माणूस दचकला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. मग मी दार लोटून घेतलं आणि पहिल्यांदा पोटभर रडले.

रडताना मनात तुमचंच बोलणं होतं. "आधी महाराष्ट्र कायम झालो, मगे मी." नवं राज्य झालं तेव्हा लालबागभर दिवे लागले होते, आणि पुढच्याच महिन्यात माझगावच्या गोदीने तुम्हाला कायम केलं. भेटेल त्याला तुम्ही हेच सांगत होतात. पानवाल्यालासुद्धा.

आणि तुमची ती पहिली भरपगारी रजा! आयुष्यात पहिल्यांदा रजा मागितलीत ती कशासाठी, तर रजा कशी असते ते बघायला. सकाळी भोंगा झाला, सगळी चाळ जिने उतरली आणि तुम्ही खाटेवर बसून राहिलात. मी विचारलं, "बरां नाय काय?" तुम्ही म्हणालात, "एकदम बरां. आज हय बसून पगार मिळवतंय." दुपारपर्यंत तुम्ही नुसते बसलात. मध्येच पाणी मागायचात आणि सांगायचात, "ह्यां पाणीपण पगारी." धाकटीला मांडीवर घेऊन तिला म्हणालात, "यल्ला, बापाशीक बघ, काय काम करता!" आखातातून तेवढा एक शब्द घेऊन आला होतात, यल्ला, म्हणजे चला, आटपा. भाकरीला उशीर झाला की यल्ला, पोरी रडल्या की यल्ला. माझ्या माहेरच्यांना वाटायचं ही काहीतरी शिवी आहे. संध्याकाळी मात्र तुम्ही कंटाळलात आणि स्टोव्ह खोलून साफ करायला बसलात. मी हसले तर म्हणालात, "हसा नको. सवय व्हयी."

सवय व्हायला वेळ मिळाला नाही. श्रावण लागायच्या आधीच ताप आला आणि उतरलाच नाही.

पण मला आज तापाबद्दल लिहायचं नाही. भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे. मला बोलायला जमत नाही, आणि तुम्ही हसून विषय बदलायचात. लिहिताना तरी तुम्हाला तसं करता येणार नाही.

पहिल्या खेपेला तुम्ही आखातात गेलात तेव्हा मी अडवलं नव्हतं. गोदीत बदलीवर काम होतं, सकाळी फाटकावर उभं राहायचं आणि साहेबाने बोट दाखवलं तर आत जायचं. परदेशी तेलाच्या कंपनीने फिटर म्हणून दोन वर्षांचा करार केला आणि त्यांनी तो पाळला. तुम्ही रंगाने काळेठिक्कर होऊन, खजुराचा डबा घेऊन परत आलात. तिथल्या उन्हात लोखंडाला हात लावता येत नाही, डोक्यावर ओला टॉवेल टाकावा लागतो, आणि माणूस वळेपर्यंत तो वाळतो, असं सांगायचात. पण कंपनीला नावं ठेवली नाहीत. त्यामुळेच तर पुढचं झालं.

कंपनीसाठी माणसं भरणाऱ्या फोर्टमधल्या एजंटाने तुम्हाला सांगितलं की हाताखाली चांगली माणसं असतील तर घेऊन या. आपल्या गावचेच चौघे तुमच्या मागे लागले. धाकू, ते दोघे भाऊ, आणि नुकतं लग्न झालेला सोनू. गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत राहणारे, गिरणीत आज काम तर उद्या नाही असले. त्यांना घेऊन तुम्ही एजंटाच्या ऑफिसात गेलात. तिथलं सगळं तुम्ही मला नंतर सांगितलंत. कारकुनाने इंग्रजी कागद पुढे केला. धाकूने कागदाकडे बघितलंच नाही, तुमच्याकडे बघून विचारलं, "तू केलंस काय?" तुम्ही म्हणालात, "केलंय." "मगे झाला तर," म्हणून त्याने अंगठा दाबला. मागच्या तिघांनीही दाबला. आपल्या गावात असंच चालतं. कागदात काय आहे हे कोणी विचारत नाही, कागदाच्या पाठी कोण उभा आहे ते विचारतात.

आणि तुम्ही? तुम्ही सही केलीत ती मागच्या खेपेचा कागद मनात धरून. तसाच रंग, तसाच शिक्का. नव्या कागदात एक कलम वेगळं होतं. कंपनीला वाटलं तर महिन्याच्या नोटिशीने माणसाला परत पाठवता येईल, माणसाला मात्र दोन वर्षं पुरी केल्याशिवाय निघता येणार नाही. कारकुनाने ते वाचून दाखवलं नाही, आणि तुम्ही विचारलं नाहीत.

वर्षसुद्धा झालं नव्हतं. टाक्या बांधायचं काम लवकर आटोपलं आणि कंपनीने नव्या कागदावरच्या माणसांना नोटीस देऊन बोटीत बसवलं. तुम्ही पाचही जण परत आलात त्या दिवशी मुंबईत कर्फ्यू होता. "मुंबईसह महाराष्ट्र" म्हणणाऱ्यांवर गोळ्या चालल्या होत्या, ट्राम बंद होत्या. तुम्ही डोक्यावर ट्रंका घेऊन धक्क्यापासून चालत आलात. वाटेत शिपायाने अडवून विचारलं, "कुठून आलात?" "आखातातून." तो म्हणाला, "मेल्यांनो, मग तिकडेच राहायचं होतं की!" ही गोष्ट तुम्ही किती रंगवून सांगायचात. मला मात्र तिचं कधी हसू आलं नाही. कारण पेजेचं ताट पुढे ओढून त्याच दिवशी तुम्ही मला दुसरी गोष्ट सांगितली होतीत. गोरा फोरमन तुम्हाला ठेवून घेत होता. "तू रव, तुझा काम आसा," असं तो म्हणाला होता. आणि तरी तुम्ही चौघांबरोबर बोटीत चढलात.

मी विचारलं, "तुमी कित्याक इलात?"

"शब्द माझो होतो."

"शब्द तुमचो, पण पोटां आपली!"

तुम्ही पेज संपवलीत. मग म्हणालात, "ह्यां खंय बोलशीत तर तुका माझ्या गळ्याची शपथ."

मी शपथ घेतली. मला वाटलं, हा तुमचा मोठेपणा. उपकार केले तर ते बोलून दाखवू नयेत, अशातली गोष्ट.

कर्फ्यू उठल्यावर तुमच्या फेऱ्या सुरू झाल्या. एजंट म्हणाला, कागदाप्रमाणे झालं आहे. मजूर खात्याच्या ऑफिसात एक साहेब होते, आपल्यातलेच, मराठी बोलणारे. त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली याचं तुम्हाला फार अप्रूप. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सांगितलं, "कागद इथे झाला, काम तिथे झालं, कंपनी तिसऱ्याच मुलुखाची. तिथे तक्रार करावी तर तुम्ही इथे. इथे करावी तर काम इथलं नव्हे. आमचा हात धक्क्यापर्यंत पोचतो, पाण्यावर नाही." तुम्ही घरी येऊन हे जसंच्या तसं म्हणून दाखवलंत. राग साहेबांवर नव्हता. तुम्हाला नवल वाटलं होतं, एवढं मोठं सरकार आणि त्याचा हात धक्क्याशी संपतो! तेव्हा तुम्ही मोर्च्यांनाही जात होतात. खालच्या मजल्यावरचे मास्तर तुम्हाला चिडवायचे, "बाबल, मुंबई कोणाची ते ठरवतील मोठे लोक. तुझी नोकरी कोणाच्या राज्यात होती ते आधी ठरव!" तुम्ही म्हणायचात, "ती समुद्रात होती, मास्तर. माशांच्या राज्यात."

सरकारचा हात पोचला नाही. पण गावकीचा पोचला.

मग एका रविवारी गावकीच्या खोलीत बैठक बसली. आम्ही बायका बाहेर गॅलरीत तांदूळ निवडत होतो, पण निवडत कोणीच नव्हती. ग्रामदेवीच्या तसबिरीपुढे नारळ ठेवला. आबांनी देवीला गाऱ्हाणं घातलं. गिरणीत जन्म काढलेले आबा, सगळ्या गावाचे आजोबा, त्यांच्यापुढे कोणी मोठ्याने शिंकत नसे. ते म्हणाले, "बाबल, पोरां तुझ्या शब्दार गेली. ती कंपनी काळी की गोरी, आमका म्हायत नाय. आमी तुका वळखतंव. तो कायदोबियदो तू बघ. गावकीचो कायदो इतकोच, तू चौघांक थंय नेलंस, तू चौघांक हय कामाक लावतलंस. ते लागापर्यंत तू कायम काम घेवचा नाय. कबूल?"

मी दाराच्या फटीतून बघत होते. तुम्ही एक शब्द बोलला असतात, "माका कंपनी ठेवी होती," तर आबांनी तिथेच नारळ उचलून तुमच्या हातात दिला असता. चौघे खाली मान घालून बसले होते. तुम्ही म्हणालात, "कबूल."

माझ्या सुपातले तांदूळ सांडले. बायकांनी भरून दिले.

मग किती वर्षं गेली ती. त्या दोघा भावांतल्या थोरल्याला तुम्ही कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामात लावलंत, धाकट्याला गिरणीत. प्रत्येकासाठी ओळखी काढायच्या, कोणाच्या घरी गणपतीत आरतीला जायचं, कोणाचा पंखा फुकट दुरुस्त करून द्यायचा. आणि स्वतः सकाळी पुन्हा गोदीच्या फाटकावर, बोट दाखवायची वाट बघत.

मग गोदीने तुम्हाला कायम करायचं ठरवलं. सगळ्या चाळीला कळलं. मी देवीला ओटी बोलले. आणि तुम्ही साहेबापुढे धाकूला उभं करून म्हणालात, "माका रवांदे, हेका घ्या. ह्यो माझ्यापरीस बरो हातोडो मारता." साहेबाला वाटलं तुम्हाला वेड लागलं. मलाही तेच वाटलं. मी तुमच्याशी किती दिवस बोलले नाही. वाढायचं, उचलायचं, तोंडातून शब्द नाही. तुम्ही काय केलंत? भिंतीशी बोलायला लागलात. "अगो भिंती, आमटीत मीठ कमी आसा, पण मी तुका सांगूक नाय हां." पोरी खदखदा हसायच्या. शेवटी मलाही हसू फुटलं. तुम्ही असे जिंकायचात. हे काही बरोबर जिंकणं नव्हे.

तरी एका गोष्टीसाठी मी तुम्हाला मानते, आणि ती तोंडावर कधी बोलले नाही. परदेशी जाणारा आपल्या भागातला कोणी असो, तुम्ही त्याला अंगठा दाबू दिला नाहीत. कागदाची नक्कल आणायला लावायचात आणि फणसवाडीत राहणाऱ्या एका कारकुनाकडे त्याला घेऊन जायचात. ते कारकून भले माणूस, पण घाईचे. भराभर अर्थ सांगून मोकळे व्हायला बघायचे. तुम्ही त्यांच्या ओटीवर ठाण मांडून म्हणायचात, "रावसाहेब, हळू. ह्यो करार कोण मोडू शकता? परत आणूचो खर्च कोणाचो? आणि भांडूचा झाला तर खंय?" तिन्हीची उत्तरं त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवली की मगच उठायचात. एकदा एका जवान पोराला कंटाळा आला. तो म्हणाला, "बाबलकाका, तुम्ही सांगताय ना, मग मला कशाला पाहिजे?" तुम्ही त्याच्यावर एवढे ओरडलात की रावसाहेबांच्या मंडळी आतून बाहेर आल्या. घरी आल्यावरही तुम्ही धुसफुसत होतात. मी चहा दिला, विचारलं काही नाही. मला कळलं होतं. तो पोरगा धाकूसारखं बोलला होता.

सोनू शेवटी राहिला. त्याला गिरगावात छापखान्यात लावलंत तेव्हा महाराष्ट्र व्हायच्या बेतात होता. गावकीत नारळ फुटला, आबांनी तुम्हाला मोकळं केलं. पुढचं मी वर लिहिलंच आहे. कायम, पानवाला, भरपगारी रजा.

आता कालचं सांगते. रागावू नका. किंवा रागवा.

काल तुमचं तेरावं झालं. पंगत गावकीच्या खोलीत बसली होती. मी वाढायला जात नव्हते, पण काकूंचा गुडघा धरला म्हणून भाताचं पातेलं घेऊन गेले. आबा जेवता जेवता म्हणाले, चांगल्या मनानेच म्हणाले, "बाबल वायट नाय होतो. कंपनीन फसवल्यान, तेका काय कळला नाय. फसलो, पण फेडून गेलो."

फसलो. तो शब्द माझ्या कानात गेला आणि मी पातेलं खाली ठेवलं. तुमच्या गळ्याची शपथ होती, पण तो गळाच आता कुठे आहे? मी म्हणाले, "ते फसूक नाय, आबा. तेंका कंपनी ठेवून घेय होती. ते ह्या चौघांसाठी परत इले."

सगळ्यांचे हात पानावर थांबले. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. तेवढ्यात धाकू बोलला. मान खालीच होती त्याची.

"वयनी, आमका म्हायत होता."

"काय म्हायत होता?"

"आमी बोटीच्या कठड्याक उभे होतंव. तो गोरो फोरमन खाली धक्क्यार बाबलाचो हात धरून तेका मागे वडी होतो. बाबलान हात सोडवून घेतल्यान आणि वर इलो. आमी चौघांनीव बघलंव."

आबा ओरडले, "मेल्यानू! मगे गावकीत तोंडां कित्याक शिवलात?"

धाकू रडत होता. एवढा दांडगा माणूस, भातावर टपटप. "बोललो असतंव तर तुमी तेका सोडलो असतास. मगे आमका कामाक कोण लावतलो, आबा? कंपनी? सरकार?" मग म्हणाला, "आणि तेका म्हायत होता, आमका म्हायत आसा तां. तुमी निकाल दिलास तेवा तेणा माझ्याकडे बघल्यान आणि डोळो मारल्यान."

डोळा मारला! मी त्या दिवशी फटीतून बघत होते, मला तुमची पाठच दिसत होती.

म्हणजे शपथ मोठेपणाची नव्हती. मी कुठे बोलले असते तर गावकीने तुम्हाला सोडलं असतं, आणि ते चौघे उघड्यावर पडले असते. ज्यांना कुठलाच कायदा लागू पडत नव्हता त्यांना निदान गावकीचा तरी लागू पडावा, म्हणून तुम्ही स्वतःला त्यात अडकवून घेतलंत आणि मला गप्प बसवलंत. एवढं मला सांगायला काय झालं होतं? मी का कुठे बोलले असते? सगळ्या चाळीत मी एक मुकी, आणि शपथ घालायची ती मलाच!

मी पंगतीत उभी राहून धाकूला काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काकू म्हणतात, मी त्याला खूप बोलले, बायकांनी कधी ऐकलं नव्हतं असं बोलले. त्याच्यामुळे तुमच्या हाडांची काडं झाली, असंही म्हणाले म्हणे. तो ऐकून घेत होता. आबाही मध्ये पडले नाहीत. मग मला दिसलं की त्याच्या पानातला भात संपला आहे, आणि मी वाढला.

आज सकाळी गोदीचा भोंगा झाला तेव्हा धाकू कामावर जाताना दारावरून गेला. थांबला नाही, पण मान लववून गेला. मी त्याच्याकडे बघितलं, दुसरीकडे नाही.

पण तुम्ही परत यायला नको होतं. हे मी आजही म्हणते, तुमच्या पोरी थोड्या मोठ्या झाल्या की त्यांनाही सांगणार आहे. शब्द तुमचा होता, पण पोटं आपली होती, आणि त्या पोटांत तुमचंही एक होतं, ते तुम्ही कधी मोजलं नाहीत. आता बोला. बघा, बोलत नाही तुम्ही. सकाळपासून हे भांडण मी एकटीच चालवते आहे. माझ्या बाजूने मी बोलते, तुमच्या बाजूनेही मलाच बोलावं लागतं. आणि तुमच्या बाजूने बोलायला लागले की धाकूचं तोंड डोळ्यापुढे येतं, सोनूची बायको येते, त्या दोघा भावांची म्हातारी येते, आणि दर वेळी मीच हरते.